घर खाली होऊन राहिलं

माझी धाकटी बहीण गाते. जबलपुरात हे आता कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या बाजारातला भाजीवाला मला बघितल्याबरोबर विचारतो, "दीदी, बहन का नया गाना कब आ रहा है?" आणि एवढी ओळख निघूनही कोथिंबीर काही फुकट देत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगपासून तिची सुरुवात झाली, मग मोबाइलवर टाकलेली गाणी, मग मुंबई. तिच्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. हजारो पोरं एकाच वेळी एकच ओळ म्हणत होती. मी सिविल लाइन्समध्ये केंद्र सरकारच्या कचेरीत हिशेब तपासते. इतकं एकमत मी फक्त वेतन आयोगाच्या वेळी पाहिलेलं आहे.

आमच्या दोघींत देवाने वाटणी सरळ केली. तिला गळा दिला आणि मला जीभ. कचेरीत माझा शेरा आला की फाइल परत जाते आणि फाइल आणणाराही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे काय झालं ते कळायला माझा स्वभाव माहीत असलेला बरा.

आमचं घर मराठी. पणजोबांच्याही आधी कोणीतरी कोणत्या तरी सरदाराच्या चाकरीत इकडे आलं आणि नर्मदेचं पाणी मानवलं म्हणून राहिलं. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. फाटकाबाहेर पाय टाकला की हिंदी आणि आत आलं की मराठी, असा आमचा नियम. तो कोणी घालून दिला नव्हता, पण मोडलाही नव्हता. ती मराठीसुद्धा आमचीच. आम्ही 'का' म्हणत नाही, 'काहून' म्हणतो. आम्ही जेवत नसतो, जेवून राहिलेलो असतो. मधे 'अच्छा' आणि 'चलो' पेरलेलं असतं, ते आम्हाला ऐकूही येत नाही. पुस्तकातली मराठी मी पुस्तकांतूनच शिकले आणि ती लिहिताना वापरते, जशी आता वापरते आहे. आईशी ती बोलले तर आई विचारेल, "तब्येत बरी आहे न?"

बाबा गेल्यावर आई घरात एकटी राहते. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे. माझा नवरा इथलाच, हिंदी बोलणारा. त्याला मराठी कळतं ते एवढंच, की आपल्याविषयी बोलणं चाललंय हे समजावं. मुलीला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. म्हणजे मराठीत माझ्याशी बोलणारं माणूस या गावात मनापासून म्हणाल तर एकच, आणि ते म्हणजे आई. हे असं मोजून मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची वेळ आली ती बहिणीच्या अल्बममुळे.

आधी सुटी सुटी गाणी करणाऱ्या माझ्या बहिणीने पहिल्यांदाच अख्खा अल्बम करायला घेतला. मुंबईच्या स्टुडिओत दोन-तीन महिने ती त्यात बुडाली होती. सगळी गाणी हिंदी, आणि सगळ्यात शेवटी एक मराठी. ते तिने आईसाठी केलं होतं, पण आईला आधी सांगितलं नव्हतं. आम्हा दोघींपैकी कोणीही गावाला निघालं की दुसऱ्या दिवशी आईचा फोन यायचा आणि एकच वाक्य यायचं, "तुम्ही गेल्या की घर खाली होऊन राहते." तेच वाक्य तिने उचललं. दिवा लावला, दार लोटलं, घर खाली होऊन राहिलं. एवढंच धृपद. एक गिटार, मागे एक बाजाची पेटी आणि तिचा आवाज.

आता 'खाली' या शब्दाची गंमत सांगायला हवी. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आमच्या घरातही खाली म्हणजे रिकामं, कारण शेजारणीचं आणि आमचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या एकाच भिंतीवरून चाललेलं. आणि उरलेल्या महाराष्ट्रात खाली म्हणजे वर नाही ते. हा अर्थ आम्हाला माहीत नाही असं नाही. आई "खाली बस" म्हणते तेव्हा आम्ही बसतोच. पण "घर खाली" म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर फक्त मोकळा पलंग येतो.

स्टुडिओत ही अडचण कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण गाण्यात मराठी कळणारं तिथे कोणी नव्हतं. वादक पंजाबचा, पेटीवाला बनारसचा, रेकॉर्डिंग करणारी बाई बंगाली. बहिणीने अर्थ सांगितला, "घर खाली हो रहा है," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटीवाल्याचे तर डोळे भरले म्हणे. मुंबईत बसून मराठी गाणं केलं आणि ते हिंदीतून पास झालं.

अल्बम आला आणि पहिले काही दिवस आमच्या घरात सण होता. हिंदी गाणी चाललीच, पण या शेवटच्या गाण्याने कमाल केली. इंदूर, लखनौ, पाटणा, कुठल्या कुठल्या पोरांनी त्यावर व्हिडिओ केले. होस्टेलला निघालेली मुलगी, गाडीच्या खिडकीबाहेर हात हलवणारी आई, मागे हे गाणं. मराठी न कळणाऱ्यांना ते बरोबर कळलं. आमच्या गल्लीत आईला पाहून बायका थांबायच्या, "अम्मा, आपका गाना सुना." आई पदर सावरायची आणि म्हणायची, "मेरा क्या, उसका है." पण घरी येऊन मला म्हणायची, "वाक्य माझंच आहे न?"

मग गाणं महाराष्ट्रात पोचलं.

कोणीतरी एक व्हिडिओ केला. त्यात एक बंगला लिफ्टमध्ये उभा आहे, मागे माझी बहीण गाते आहे, आणि बंगला मजल्यामागून मजला उतरतोय. मी खोटं बोलणार नाही, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा हसले नाही. मग खाली लोकांचे शेरे वाचले. घर तळमजल्यावर पोचलं का? पाया कच्चा होता वाटतं. काहींनी तर हसण्याचीही तसदी घेतली नव्हती. हे मराठी आहे का, 'होऊन राहिलं' हे कुठलं व्याकरण, येत नाही तर कशाला गायचं, मायबोलीचे हाल करू नका. नागपूरची मंडळी आमच्या बाजूने धावून आली, आणि मग त्यांचं आणि पुण्याचं जे जुनं आहे ते सुरू झालं. त्यात गाणं बिचारं कोपऱ्यात उभं राहिलं. चांगलं लिहिणारेही पुष्कळ होते, पुण्याचेही होते. पण चांगलं बोललेलं माणूस एकदा वाचतं आणि वाईट चारदा.

मी पदर खोचला. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की चहा घ्यायचा आणि अनोळखी माणसांशी भांडायचं, असा माझा दिनक्रम झाला. शुद्ध मराठीत भांडायची, व्याकरणाचे दाखले देऊन. एकाला मी लिहिलं, "आपण आपल्या वाक्यात तीन चुका केल्या आहेत, त्या क्रमाने दाखवू का?" त्याने आपला शेराच काढून टाकला. मला फार बरं वाटलं. नवरा म्हणाला, "ये कौन है, जिससे तुम लड़ रही हो?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "तो फिर ठीक है," आणि टीव्ही बघायला गेला.

या सगळ्यात आईचं काय चाललंय इकडे माझं लक्ष नव्हतं. पुण्याच्या आत्याने तिला फोन केला होता. आत्या मनाने वाईट नाही, पण तिचं तोंड कोणाच्या ताब्यात नाही, अगदी तिच्याही. "वहिनी, अहो काय हे तुमचं घर खाली! आमच्या सोसायटीत सगळे हसून हसून लोळले." आई तिच्याशी हसून बोलली. फोन ठेवल्यावर मला विचारलं,

"त्यांच्यात घर खाली म्हणजे नीचे?"

"हो."

"आणि होऊन राहिलं, हेही चूक आहे काय?"

"चूक काही नाही गं. ते लोक बोलत नाहीत तसं."

"अच्छा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती म्हणाली, "आ गई बेटा? चाय रख दूँ?" मला वाटलं कामवाली आत असेल. कोणी नव्हतं. मी मराठीत बोलले, तिने हिंदीत उत्तर दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. बहिणीच्या फोनवर तेच. माझ्या मुलीला तर काही वेगळं वाटलंच नाही, उलट तिला सोपं झालं. मी आईला म्हटलं, "काहून हिंदीत बोलून राहिली माझ्याशी?" ती म्हणाली, "आदत हो गई." सत्तर वर्षं जी सवय लागली नाही ती आठवड्यात लागते का?

तिची हिंदी छान आहे. माझ्याहून छान आहे. पण आई मला "बेटा" म्हणाली की शेजारच्या आंटीकडे चहाला आल्यासारखं वाटायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, "थोड़ा और लो," आणि मला रडू यायला लागलं. मला रडू आलं की मी भांडते, म्हणून आमटीत मीठ जास्त आहे म्हणून भांडले. तिने मुकाट्याने वाटी उचलली. आधीची आई असती तर म्हणाली असती, "मग आपल्या घरी जाऊन जेव न, इथे काहून बसली?" ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

बहिणीला मी सगळं सांगितलं. तिच्यापुढे आणखी एक प्रश्न होता. पुढे तिचा पुण्यात मोठा कार्यक्रम होता, आणि अल्बम काढणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की तिने गाणं दुरुस्त करून गावं. 'खाली'च्या जागी 'रिकामं'. हवं तर नव्याने रेकॉर्ड करू, जुनं काढून टाकू. हट्ट नव्हता त्यांचा, सूचना होती. मी फोनवर ओरडले, "अजिबात नाही!" ती म्हणाली, "ताई, तू त्यांच्याशी भांडून राहिली आहेस. मला आईची काळजी आहे. शब्द बदलला की लोक हसायचे थांबतील, आणि आई बोलायला लागेल." मी न भांडता फोन ठेवला. असं क्वचित होतं.

डिसेंबरात ती चार दिवस घरी आली. आल्या आल्या आईने तिला हिंदीत विचारलं, "सफर कैसा रहा?" बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघ.

त्या दुपारी आम्ही तिघी अंगणात उन्हात बसलो होतो. जवळच्या पनागरहून मटर आले होते, मोठी पिशवीभर, आणि मधे परात. आई आणि मी सोलत होतो. बहिणीने गिटार मांडीवर घेतली आणि आईला म्हणाली, "मी ते गाणं नीट करून राहिली आहे. ऐकशील?"

"सुनाओ."

ती गायली. दिवा लावला, दार लोटलं, घर रिकामं होऊन राहिलं. खालीला दोन अक्षरं, रिकामंला तीन, म्हणून चाल जरा दाबावी लागत होती. आई म्हणाली, "अच्छा है. यही ठीक है." बहिणीने पुन्हा म्हणून पाहिलं, जरा वेगळ्या जागी श्वास घेऊन. मग पुन्हा. दर वेळी 'रिकामं' आलं की आईची बोटं शेंगेवर थांबत होती. मला वाटलं बोट दुखतंय.

पुढच्या खेपेला तिने शेंग परातीत टाकली, दाण्यांसकट, सालासकट.

"रिकामा डब्बा असते," ती म्हणाली. "घर काय डब्बा आहे?"

बहिणीने गिटारच्या तारांवर हात ठेवला.

"रिकामं म्हणजे आतमध्ये काही नाही, भरून टाका, झालं. तुमचे बाबा गेले तेव्हा घर रिकामं होतं काय? मी होती. तुम्ही दोघी होत्या. पाहुणे होते, सतरंज्या कमी पडून राहिल्या होत्या. तरी खाली होतं. रिकामं कशाला म्हणून राहिली तू?"

बहीण हळूच म्हणाली, "पण आई, पुण्यात त्यांना वाटते घर खाली बसून राहिलं. जमिनीत."

आईने परातीतली ती शेंग पुन्हा उचलली.

"मग बरोबरच वाटते न त्यांना," ती म्हणाली. "बसतेच ते."

आणि ती पुन्हा मटर सोलू लागली. मी तोंड फिरवलं, कारण परातीत पाणी पडलं असतं. बहीण मात्र सरळ रडत होती, नाक ओढत, पब्लिकमध्ये कधी रडत नाही तशी. आई म्हणाली, "आता तुला काय झालं? चलो, उठ, गिटार आत ठेव, उन्हाने तडकेल." सगळं मराठीत. चलो सोडून, पण ते आमच्यात मराठीच आहे.

पुण्याच्या कार्यक्रमात तिने 'खाली'च म्हटलं. गाण्याआधी तिने समजावून वगैरे काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाली की हे आमच्या घरचं गाणं आहे. मागच्या रांगांतून हसू आलं, ते तिने माझ्यापासून लपवून ठेवलं नाही. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत ते विरलं, आणि शेवटच्या धृपदाला लोक सोबत गायले. "हसणारेही गायले का?" मी विचारलं. "अंधार असते ताई, कोण गाते ते दिसत नाही," ती म्हणाली. कंपनीने पुन्हा विषय काढला नाही. बंगल्याचा व्हिडिओ अजून फिरतोच आहे. परवा आमच्या खात्याच्या ग्रुपवर पुण्याच्या कचेरीतल्या कोणीतरी तो टाकला, गाणारी माझी बहीण हे माहीत नसताना.

आई घरात बोलायला लागली, पण बाहेरच्या मराठी माणसांपुढे अजून जपून होती. आत्याचा फोन आला की "हो, हो, बरं, बरं" एवढंच. त्यात चूक व्हायला जागा नाही. ते मला टोचत होतं. म्हटलं, घर आपलं झालं, पण उंबऱ्याशी ती अजून थांबतेच आहे.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे बसून शेरे वाचत होते. भांडायचं मी कमी केलं आहे, पण वाचायची सवय सुटलेली नाही. पुण्याच्या कोणा बाईंनी लिहिलं होतं, "तुम्ही लोक घरी खरंच असं बोलता का? राग मानू नका, विचारतेय." माझ्या डोक्यात लगेच सणक गेली. राग मानू नका म्हणणारी माणसं राग येईल असंच बोलतात, हा माझा अनुभव. मी उत्तर जुळवायला लागले. आईने विचारलं, काय आहे? मी वाचून दाखवलं.

"विचारून राहिली आहे बिचारी," आई म्हणाली. "तू काहून दात खाते? मी सांगते, तू लिही."

"तू?"

"लिही न."

ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. हो, आम्ही घरी असंच बोलतो. माझी आई पण असंच बोलत होती. राग नाही आला. सध्या इकडे मटर निघून राहिले आहेत. जबलपूरला आल्या तर घरी या, गरम करंज्या करून देते.

लिहून झालं. मी बोट पाठवायच्या बटणावर नेलं, तर ती म्हणाली, "थांब, पाहू दे." तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला आणि एकेक शब्द वाचला.

"हे काय लिहिलं? 'सध्या आमच्याकडे मटार येऊ लागले आहेत.' मी असं म्हटलं?"

मी पाहिलं. खरंच तसंच लिहिलं होतं. 'करंज्या करून देईन' असंही लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, बोटांनी आपलं आपण करून टाकलं होतं. महिनाभर मी सगळ्या पुण्याशी भांडले, आणि आईचं वाक्य हातात आलं तर पहिलं काम केलं ते ते नीट करण्याचं.

"तेच आहे गं," मी म्हटलं. "अर्थ तोच आहे."

"मग माझंच लिही न," आई म्हणाली.

मी सगळं खोडलं. ती पुन्हा सांगायला लागली, या वेळी हळू, मधे थांबत, माझं लिहून होतंय का ते बघत. मी लहानपणी शाळेत शुद्धलेखन लिहायचे तशी मान खाली घालून ती म्हणेल तो शब्द, ती म्हणेल तसा लिहीत गेले.